कुणाचे तुम्ही?

मी लिहावं एवढी माझी समज नाही. चुकलं तर माफ करा.

वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर माझं कॉलेज सुटणार होतं. अर्जावर आईचाच नंबर होता. काल अनोळखी नंबरावरून फोन आला. पिठाच्या हातानेच तो उचलून आईने नेहमीसारखं विचारलं, "गाव कुठलं? कुणाचे तुम्ही? मामाचं गाव कोणतं?" बँकेचं नाव सांगून फसवणारे एवढ्यावरच फोन ठेवतात. मला मात्र या चौकशीची लाज वाटायची.

"आई, ठेव गं."

"थांब, हा सांगतोय की!"

पलीकडच्या माणसाने न चिडता सगळं सांगितलं. विश्वास बसायला दोन्हीकडून थोडा वेळ द्यावा लागतो. त्या दोघांनी तो दिला, याबद्दल त्यांचे उपकार वाटतात.

"घे, माणूस खरा आहे," आई म्हणाली.

"वसतिगृहातून बोलतोय," ते हसले. "आईंच्या परीक्षेत पास झालो. तुला खोली मिळाली आहे."