पाच नंबरचा जोड

पायाकडे एकदा पाहिलं की बूटवाल्या काकू नंबर सांगत. बायका हमखास एक नंबर कमी सांगतात आणि पुरुष एक जास्त, हा त्यांचा एकोणीस वर्षांचा अनुभव. "सहा म्हणालात ना? तरी सातच घाला, पाण्यात पाय फुगतो," असं म्हणून त्या समोरच्या बाईची लाज राखत आणि बरोबर मापाचे भाड्याचे रबरी बूट पुढे सरकवत.

ओहोटीला किनाऱ्यासमोरचा पोवळ्यांचा खडक जेमतेम दोन तास उघडा पडे. तेवढ्यात काका, म्हणजे काकूंचे यजमान, चाळीस माणसांची रांग घेऊन तिकडे जात, पोवळी दाखवत आणि पाणी चढायच्या आत सगळ्यांना परत आणत. अनवाणी कुणी जायचं नाही, खडकाच्या धारेनं तळपाय फाटतो. हा नियम काकूंचा, आणि त्यात त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. लोक आपल्या चपला फळीवर ठेवून जात आणि काकू त्या राखत बसत. शेवटचा माणूस आपल्या चपला घालून निघेपर्यंत खडक पाण्याखाली गेलेला असे. काकूंनी तो एकदाही जवळून पाहिला नव्हता.

गंमत म्हणजे खडकाची सगळ्यात चांगली माहिती काकूच देत. "निळं बघा बरं का, घागरीएवढं आहे, डाव्या हाताच्या डबक्यात." परत आलेल्यांना खोदून खोदून विचारून त्यांनी ही विद्या मिळवली होती. काकांना विचारण्यात अर्थ नव्हता. खडकावर ते घसा बसेपर्यंत बोलत आणि घरी आले की तोंडाला कुलूप. "दगड आहेत गं, दुसरं काय," एवढंच. रोज रांग पाण्यात उतरली की काकूंचा जीव तुटायचा. 'बघू पुढच्या ओहोटीला,' असं त्या मनाशी म्हणत आणि चपला सरळ लावत.

मग एक दिवस किनाऱ्यावर पाटी लागली. पोवळी तुडवली जातात म्हणून सोमवारपासून खडकावर जायला कायमची बंदी. पाटीत चूक काहीच नव्हती, काकूंनाही ती पटली. काकांना होडीवर कामही मिळालं होतं. तरी काकूंनी उरलेल्या ओहोट्या बोटांवर मोजल्या.

त्यांनी धाकट्या नणंदेला गाठलं. रविवारी रांग निघाली की तिनं चपलांपाशी बसायचं आणि काकूंनी मागून रांग गाठायची, असं ठरलं. "दादाला सांगू नकोस," काकूंनी बजावलं. "या वयात कसली हौस, म्हणतील." शनिवारी त्यांनी आपल्या मापाचा, पाच नंबरचा एक जोड फडक्यात गुंडाळून बाकाखाली ठेवला.

रविवारी शेवटचा दिवस म्हणून झुंबड उडाली. एकोणचाळीस जोड गेले. चाळिसावी एक बाई आली, धाप लागलेली, लांबून आलेली. काकू "नाहीत हो" म्हणणार, तेवढ्यात काका वाकले.

"हे काय, इथे आहे की एक. पाच नंबर. लपवून काय ठेवतेस?"

सगळी रांग वळून बघायला लागली. काय सांगणार? नवऱ्यासमोर, गिऱ्हाइकांसमोर म्हणायचं की मलाही यायचंय?

"द्या त्यांना," काकू म्हणाल्या.

नणंद आली तेव्हा रांग गुडघाभर पाण्यात होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "अनवाणी जा ना. कोण बघतंय?"

काकू पाण्यापर्यंत गेल्यासुद्धा. एक पाऊल टाकलं आणि थांबल्या. आजवर रडणाऱ्या पोरांनाही त्यांनी याच जागेवरून परत फिरवलं होतं. त्या मागे आल्या आणि बाकावर बसल्या. लांब खडकावर माणसं वाकून वाकून काहीतरी बघत होती. काकूंना रडू आलं, आणि नणंदेपासून त्यांनी ते लपवलंही नाही.

रांग परतली. लोक आपापल्या चपला घालून पांगले. नणंदेला राहवेना.

"दादा, तो जोड वहिनीचा होता. आज तिला यायचं होतं खडकावर."

काका बघतच राहिले. "हिला? हिला कुठे आवड आहे त्याची?"

खडकावर पाणी चढलं होतं, एखादंच टोक वर होतं. काका बाकावर टेकले. म्हणाले, "सांगू का कसं असतं ते? अगदी सुरुवातीपासून सांगतो."

"सांगायचं नाही हो. मला बघायचं होतं."

"मग एकोणीस वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

"एकदा तरी विचारायचंत," काकू म्हणाल्या.