तेल्वाच्या डोंगराचं पाणी

ओरान्दीच्या कुरणावर तंबू कुठे ठोकायचा, हे तेल्वा माणसांना कधी विचारत नाही. ती गाईंना विचारते. ऑगस्ट लागायच्या आधी सलग तीन संध्याकाळी ती आपल्या दगडी झोपडीच्या उंबऱ्यावर बसून गाई कुठे बसकण मारतात ते बघते. गाय बसली तिथे वारा लागत नाही आणि जमीन कोरडी असते. चौथ्या दिवशी त्याच जागा ती दगड मांडून आखून घेते. गाईंना हा व्यवहार अर्थातच मान्य नसतो. दर वर्षी एखादी तरी येऊन तंबूत डोकं घालते आणि आत झोपलेला पोलंडचा पाहुणा किंचाळत बाहेर येतो. तेल्वाचं वर्षभराचं हसणं त्यावर निघतं.

तेल्वा साठीला टेकलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, चीज करणारी बाई. आवाज असा, की तिने वर हाक मारली तर खाली सोब्रेदो गावातली कुत्री उठून बसावीत. गेली एकतीस वर्षं पोलंडहून गुहा उतरणारी मंडळी इथे येतात आणि त्यांचा तळ ती उभारते. सामान चढतं ग्विन्दा नावाच्या खेचरावरून. हे चौथं खेचर, पण नाव बदललेलं नाही. या वयात नवीन नावाने शिव्या द्यायला कोण शिकणार, असं तिचं म्हणणं.

तंबू ठोकले की काम संपलं असं नसतं. हा सगळा डोंगर चुनखडीचा. पाऊस पडला की पाणी गिळून बसतो, वर थेंब ठेवत नाही. म्हणून एका खोल खड्ड्यातल्या जुन्या बर्फाखालून काळी नळी टाकून ती वितळलेलं पाणी पिंपात आणते. सॉसेज उंदरांच्या वर टांगते आणि दोर शेळ्यांच्या वर, कारण दोरांना घामाचं मीठ लागलेलं असतं आणि शेळ्या ते चाटत बसतात. हे सगळं झालं की ती कंबरेवर हात ठेवून तळाकडे बघते, आणि तिला इतका आनंद होतो की स्वतःचीच लाज वाटते. चार चार दिवसांनी चिखलाने माखलेली माणसं जमिनीतून वर येतात, तेव्हा पहिलं तोंड तिचं बघतात. असं तोंड जगात किती जणांचं असतं?

या वर्षी मात्र हा आनंद धोक्यात होता. म्होरक्या यानुश, जो पहिल्या वर्षी काळ्याभोर दाढीचा होता आणि आता पांढऱ्या दाढीचा झालाय, त्याने आल्या आल्या सांगून टाकलं.

"तेल्वा, गुहा तळाला पाण्यात बुडाली, पुढे वाट नाही. आता ते पाणी डोंगराबाहेर कुठे निघतं एवढंच शोधायचं उरलंय. या खेपेला सापडलं तर पुढची दहा वर्षं येऊ. नाही सापडलं तर आमचा क्लब म्हणतोय, दुसरा डोंगर बघा."

"बघा की," तेल्वा म्हणाली. "तिथे तंबू कोण ठोकतं तेही बघा." आणि ती ग्विन्दाचा पट्टा उगाचच सोडून पुन्हा आवळायला लागली.

पाच तारखेला किंगा नावाची हसरी, दांडगी मुलगी हिरव्या रंगाची भुकटी घेऊन गुहेत उतरली आणि खालच्या ओढ्यात ओतून आली. वर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पोपटी होते. सोब्रेदोच्या बाजूचे नऊच्या नऊ झरे यानुशच्या माणसांनी धरले, प्रत्येकात कोळशाच्या पिशव्या बांधल्या. रंगाचा अंश जरी आला तरी कोळसा तो धरून ठेवतो.

आठ दिवस गेले. नऊ झरे, नऊ पिशव्या, आणि रंगाच्या नावाने शून्य.

बारा तारखेच्या संध्याकाळी यानुशने तिच्यासमोर नकाशा पसरला. "नीट आठव, तेल्वा. दहावा झरा कुठे असेल?"

आता तेल्वाला दहावा झरा चांगला ठाऊक होता. खिंडीपलीकडे यान्सेदा गाव आहे आणि तिथे धुण्याच्या दगडांशी बारमाही झरा आहे. पण सोब्रेदोत लहानपणापासून एकच शिकवतात, की आपल्या डोंगराचं पाणी आपल्याच बाजूला उतरतं. यान्सेदाला काय मिळतं? कौलांवरून गळेल ते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पाण्यालाही हाच न्याय.

शिवाय त्यात तिची धाकटी बहीण ओलिवा गुंतलेली होती. एकतीस वर्षांपूर्वी ओलिवा लग्न करून यान्सेदाला गेली, तीही थोरलीला न विचारता. इकडे सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, पिताना ग्लासातला शेवटचा घोट जमिनीवर फेकतात, पुढच्या पिणाऱ्यासाठी काठ धुतला जावा म्हणून. लग्नाच्या जेवणात तेल्वाने तो घोट नवरीच्या पायाशी फेकला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हा घे आमच्या डोंगराचा शेवटचा थेंब. यापुढे एक मिळायचा नाही!" लोक हसले, ओलिवा रडली. तेव्हापासून बहिणी भेटतात त्या कुणाच्या मयतीला. त्याच उन्हाळ्यात तरणाबांड यानुश पहिल्यांदा आला होता आणि त्याने झरे विचारले होते. तेल्वाने काठीने मातीत नऊ खुणा काढून दिल्या होत्या. "पलीकडे?" त्याने विचारलं होतं. "पलीकडे थेंब नाही," ती म्हणाली होती. तोच नकाशा आजवर चालत आला होता.

आताही तिच्या जिभेवर यान्सेदाचं नाव आलं. ते तिने गिळलं. नाव घ्यायचं म्हणजे ते लग्नातलं वाक्य परत घ्यायचं.

"नाही," ती म्हणाली. "नऊच."

यानुशने नकाशाची घडी घातली. तेल्वाला स्वतःचा असा राग आला, की तिने दोन स्वच्छ पातेली पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ उतरवायला घेतला. तेल्वा खुंटे उपटत होती आणि नाक पुसत होती. तिसऱ्या तंबूला हात घालते तोच खिंडीतून एक बाई तरातरा उतरताना दिसली. काखेत गाठोडं, तोंडाचा पट्टा लांबूनच चालू.

"तेल्वा! समोर ये! काय ओतलंस तू वरून?"

ओलिवा होती. तिने गाठोडं सोडून फडकवलं. परवाच्या सणाला मेरीमातेच्या वेदीवर अंथरायचं लेसचं कापड, बारा बायकांनी दोन हिवाळे विणलेलं. ते पोपटी हिरवं झालं होतं.

"मी काल धुवायला घातलं आणि असं वर आलं! पाद्री म्हणतो चमत्कार आहे. सरपंच म्हणतो पोलिसांना बोलवा. मी म्हटलं, कुणाला बोलवू नका, हे माझ्या बहिणीचं काम आहे!"

किंगाने अशी आरोळी ठोकली की गाई उठून उभ्या राहिल्या. तिने धावत जाऊन ओलिवाला कापडासकट उचललं आणि गोल फिरवलं. यानुशने भांडायला आलेल्या त्या बाईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, मग ग्विन्दाचे घेतले. कुणीतरी पातेलं बडवायला लागलं.

"सोड मला! वेडी आहेत का ही माणसं? मी रागावलेय!" ओलिवा ओरडत होती.

"रागवा, खूप रागवा!" किंगा हसता हसता रडत होती. "पण कोणत्या झऱ्यात धुतलंत तेवढं सांगा!"

ओलिवाने सांगितलं. यानुशने हळूच तेल्वाकडे पाहिलं. "पलीकडे थेंब नाही, म्हणाली होतीस."

आता पळायला वाट नव्हती. तेल्वाने हातातला खुंटा खाली टाकला. "खोटं बोलले," ती म्हणाली. "तेव्हा रागाने म्हटलं होतं. आणि काल... काल मला शंका होती, तरी बोलले नाही. तळ गेला असता तरी चाललं असतं, पण हिच्यापुढे हार नको. एवढी गाढव आहे मी."

"हे मी एकतीस वर्षं सांगतेय," ओलिवा म्हणाली. मग एकदम तिचा आवाज खाली आला. "म्हणजे मी पितेय ते पाणी इथलं? पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून," यानुश म्हणाला. "सात दिवस लागतात पोचायला."

ओलिवा मटकन दगडावर बसली. कापडाने डोळे पुसले, त्यामुळे एक गाल हिरवा झाला. तो बघून तेल्वाला हसू फुटलं, आणि ती हसतेय हे बघून ओलिवालाही.

"हसतेस काय? या कापडाचं काय करू?"

"घाल तसंच वेदीवर. मेरीमाताही बाईमाणूसच आहे. एखाद्या वर्षी रंगीत नेसली तर तिला बरंच वाटेल."

उतरवलेले तंबू दुपारपर्यंत पुन्हा उभे राहिले. तिसरा तंबू तेवढ्यात एका गाईने परत मिळवला होता. तिला उठवायला ओलिवालाही हात लावावा लागला. मग बाटल्या उघडल्या. तेल्वाने बाटली डोक्यावर उंच धरून सायडर ओतली, पहिला ग्लास बहिणीला दिला, दुसरा स्वतः प्यायली. शेवटचा घोट फेकायला तिने हात मागे नेला आणि थांबली. ग्लास घेऊन ती चालत गेली, बर्फाच्या खड्ड्यापलीकडे, जिथे वितळलेल्या बर्फाचा ओघळ जमिनीत शिरतो तिथवर. ओलिवा मागोमाग गेली.

तेल्वाने तो घोट पाण्यात सोडला. "पुढच्या बुधवारी पोचेल तुला," ती म्हणाली.

ओलिवाने वाकून पाण्याकडे पाहिलं, मग रिकाम्या ग्लासाकडे.

"एकतीस वर्षांनी पाठवलास, तोही एकच घोट?" ती म्हणाली. "बाटली आण, चिंगूस कुठली."