जांघेतली नाडी

लातूरला आगगाडीनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. रामकिशन गावोगाव पाण्याचा टँकर नेत होता आणि अहमदपूरच्या घरात त्याची बायको पंचशीला घडीघडी तान्ह्या लेकीच्या जांघेत बोट टेकवून बसत होती.

उत्पला जन्मली तीच हृदयाचं दुखणं घेऊन. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी सुतळीनं आवळल्यागत अरुंद होती. हैदराबादला ऑपरेशन झालं. अरुंद तुकडा कापून दोन्ही टोकं जोडली. घरी निघताना सिस्टरनं पंचशीलाचं बोट लेकराच्या जांघेत धरलं. म्हणाली, इथं नाडी लागते. ती मंदावली, पाय गार पडले, पिताना घाम फुटला, तर जोडलेली जागा पुन्हा आवळतेय असं समजायचं.

त्या दिवसापासून पंचशीलाच्या जिवाला थारा उरला नाही. एकदा नाडी लागेना म्हणून ती रडत नांदेडच्या डॉक्टरीणबाईंकडे धावली, तर सगळं ठीक निघालं. शेजारणी हसल्या. सासू सुमनबाई म्हणाल्या, सारखं चाचपून लेकराला बेजार करू नको.

म्हणून या खेपेला ती गप्प राहिली. उत्पला दोन घोट ओढून धापा टाकायची, कपाळ ओलं व्हायचं. ऊनच तसलं आहे, असं पंचशीला मनाला समजवायची. पण तळहात गरम आणि तळपाय गार, हे कशानं? आता जांघेकडे बोट न्यायचंच तिला भ्या वाटू लागलं. शेवटी धीर करून तिनं बोट ठेवलं. कितीतरी वेळ काहीच लागलं नाही. मग खोल कुठंतरी मुंगी चालल्यासारखं काहीतरी.

रामकिशन घरी येताच ती म्हणाली, "आवो, लोक पुन्हा हसतील मला. पण लेकराचे पाय गार हायत."

त्यानं इवल्याशा पायाला हात लावला. "हसू दे," तो म्हणाला. "चल."

नांदेडच्या एसटीत माणसं वाद घालत होती, नवा जिल्हा झाला तर अहमदपूर त्यात जाणार की लातूरलाच राहणार. पंचशीला नुसती लेकराची छाती वरखाली होताना बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी हाताचा आणि पायाचा रक्तदाब मोजला. दोन्हींत फार फरक होता. त्या हसल्या नाहीत. लगेच हैदराबाद गाठा म्हणाल्या.

तिथं या वेळी छाती उघडायची नव्हती. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर सरकवून, तिच्या टोकाचा फुगा अरुंद जागेत फुगवायचा होता. वाहिनी फाटू शकते, पायाचं रक्त अडू शकतं, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. रामकिशननं सही केली आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

जागा मोकळी झाली. पण जिथून नळी घातली तो उजवा पाय निळसर, थंड पडला. रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं. समोरचं ताट तसंच ठेवून पंचशीला त्या पायाकडे बघत बसली. दिवस कलता कलता बोटांवर गुलाबी रंग चढला, तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

"आता पुन्हा आवळणार न्हाई ना?" तिनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "बहुतेक नाही. पण खात्री देता येत नाही. दाखवत राहा."

उत्पला आता शाळेत जाते, पोरींबरोबर पळते. तपासणी जवळ आली की पंचशीलाला आजही जेवण जात नाही.