बॅकवाले चाचा

बावीस वर्षं फुटबॉल खेळून चाचांनी एकही गोल केला नव्हता, आणि हे ते कुणी न विचारताच सांगायचे. "गोल करणं आपलं काम न्हाय. होऊ न देणं आपलं काम," असं म्हणून छाती फुगवायचे. त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. बॅकला, म्हणजे मागं बचावाला खेळायचे, म्हणून सगळ्या सोलापूरचे ते बॅकवाले चाचा.

मिरज, कोल्हापूर, पुणे, जिथं बचावाला माणूस कमी पडेल तिथं ते जायचे. कुठं दोन मोसम, कुठं एकच. तरणा खेळाडू मिळाला की संघ त्यांना नारळ द्यायचा. "नारळ दिला तर खोबरं खायचं," असं हसत म्हणायचे. गुडघा कुरकुरायला लागल्यावर ते गावी परतले, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागले, आणि पाळी सुटल्यावर संध्याकाळी आम्हा मुलींना फुटबॉल शिकवू लागले.

माझे वडील त्याच कारखान्यात यंत्रमागावर होते. मला पुढं खेळून गोल मारायचे होते, पण चाचांनी मला मागं उभं केलं. मी रुसून दोन दिवस मैदानावर गेले नाही. तिसऱ्या दिवशी चाचा सायकलवरून घरी आले. म्हणाले, "तू पळतीस कमी, बघतीस जास्त. असं माणूस मागंच लागतं." ते कौतुक होतं, हे मला फार उशिरा कळलं.

बार्शीला सामना ठरला तेव्हा वडील अडून बसले. हाफ पँट घालून पोरगी परगावी जाणार नाही म्हणजे नाही! चाचांनी वाद घातला नाही.

"बरोबर हाय तुमचं, दादा. मग तुमीच चला की संगं. पाण्याच्या बाटल्या सांभाळायला कुणी न्हाय."

वडील आपली सुट्टी मोडून आले. एसटीत बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन, खिडकीकडं तोंड करून बसले.

तो सामना माझ्यामुळे हरलो. शेवटच्या मिनिटाला मी घाईनं पाय घातला, समोरची मुलगी पडली, पेनल्टी मिळाली आणि गोल झाला. मी गोलखांबाला टेकून रडत होते. वडील पाण्याची बाटली घेऊन जवळ आले. चाचा गुडघा धरत माझ्याशेजारी खाली बसले.

"एकबी गोल केला न्हाय म्हणतो ना मी? खोटं हाय ते. एक केलाय. आपल्याच जाळीत. कोल्हापुरात, फायनलला."

"मग?"

"मग काय? रात्री जेवलो न्हाय. सकाळी लई भूक लागली. मिसळ खाल्ली नि सरावाला गेलो."

आधी वडील हसले, मग मीही. परतीच्या एसटीत वडिलांनीच चाचांना विचारलं, "पुढची मॅच कुठं हाय?"

आता मी माढ्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलींचा सामना बघायला चाचा मुद्दाम सोलापूरहून आले. सामना आम्ही जिंकलो. मी त्यांच्या शाबासकीची वाट बघत होते. चहा संपवून ते म्हणाले, "पोरी चांगल्या हायत. तू लई वरडतीस. जरा चुकू दे की त्यांना."

पुढच्या सामन्यात मी बाकावर तोंड मिटून बसले. पहिला गोल आमच्यावरच झाला. मुलींनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी हूं की चूं केलं नाही. क्षणभर सगळ्या गोंधळल्या. मग बॅकला खेळणाऱ्या मुलीनं हात वर केला आणि एकेकीला कुठं उभं राहायचं ते दाखवू लागली.