कौशल्याबाईचा धूर

पुनावळ्यात तिला तोंडावर कौशल्याबाई म्हणत आणि पाठ वळली की धूरबाई. हे दुसरं नाव कुणी ठेवलं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि मीही ते कधी नाकारलेलं नाही.

बाई अंगानं उंच, आवाजानं त्याहून उंच. नवरा सयाजी अगदी उलट. सोमवारी एक वाक्य बोलला की दुसरं गुरुवारी. लोक म्हणत, दोघांच्या वाट्याचं बाईच बोलून टाकते, त्याला शिल्लक काय राहणार? पण स्वयंपाकात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुरणाची डाळ उपसली की खाली जे पाणी उरतं त्याची ती आमटी करी. ती भुरकून गप्प झालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि आमच्या गावात माणूस गप्प होणं ही साधी गोष्ट नव्हे.

धूरबाई हे नाव का पडलं ते सांगायचं तर आधी आवतणाची रीत सांगायला हवी. गावात लग्न निघालं की भैरू गुरव कुंकवाच्या अक्षता घेऊन दारोदार फिरायचा. आवतणं दोन तऱ्हेची. एक ‘घरटी एक’, म्हणजे घरातल्या एकानं जेवायला यायचं. दुसरं ‘चूलबंद’. त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायचीच नाही. खाटेवरच्या म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळं घर लग्नघरी जेवणार. चूलबंद आवतण आलेलं असताना ज्याच्या कौलांतून धूर निघाला, त्यानं ते आवतण यजमानाच्या तोंडावर फेकलं असंच समजत.

तर पन्नास साली रुक्मिणीबाईनं, म्हणजे कौशल्याबाईच्या थोरल्या जावेनं, मुलाचं लग्न काढलं. मुलाचं नाव नानासाहेब. लग्न मुलाच्याच दारी होतं. दिवस रेशनिंगचे, धान्याची ओढ, जेवणावळींवर सरकारची नजर. रुक्मिणीबाईनं सगळ्या गावाला ‘घरटी एक’ सांगितलं, आणि सगळ्या गावात सख्खी जाऊही मोजली गेली. चौदा वर्षं दोघी एका चुलीवर राबलेल्या. रुक्मिणीबाई विषमज्वरानं पडली तेव्हा नानाला दोन महिने भरवला तो कौशल्याबाईनं. वाटण्या होऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, मध्ये फक्त एक भिंत; रुक्मिणीबाईचं दार वरच्या आळीत उघडे, कौशल्याबाईचं खालच्या. भैरूनं उंबऱ्यावर अक्षता ठेवून “घरटी एक” म्हटलं तेव्हा बाई काहीच बोलली नाही. भैरूनं तिथंच ओळखायला हवं होतं.

लग्नाच्या दिवशी तिच्या घरातून कुणीही गेलं नाही. मंगलाष्टकं सुरू झाली आणि तिनं परसातल्या चुलीत ओली बाभूळ सारली. आता घरटी एकच्या आवतणाला चूल पेटवायची मुभा असते हे खरं, पण अशी? वारा पश्चिमेचा. धूर भिंतीवरून सरळ मांडवात. भटजी ‘सावधान’च्या जागी खोकतायत, नवरदेवाच्या डोळ्यांना धारा लागल्यायत, आणि मुलीकडच्या बायका एकमेकींना सांगतायत, पोरगा मनाचा फार हळवा दिसतोय हो.

त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं बंद. विहिरीवर एक आली की दुसरी घागर उलटी धरून वाट बघणार. सात वर्षं.

सत्तावन्न साली तिच्या पडवीच्या खोलीत ज्योतीराम भाड्यानं राहत होता. हा बार्शीकडचा. पिंपरीला औषधांच्या कारखान्यात कामाला, रोज सायकल मारत जायचा. इतका भिडस्त की शिंकायचं झालं तरी आजूबाजूच्यांकडे बघून शिंकेल. बायको यशोदाबाई, एकच मुलगी विमल. तिचं लग्न वैशाखात ठरलं. मुलगाही कारखान्यातलाच, मूळ त्याच मुलखातला. दोघांनाही लांबची रजा मिळेना, म्हणून लग्न पुनावळ्यातच करायचं ठरलं. ज्योतीरामनं शंभर पानांची तयारी केली. वऱ्हाडाची चाळीस आणि गावची घरटी एक धरून साठ, असा त्याचा हिशोब.

पण हा हिशोब त्यानं भैरूला सांगितलाच नाही. भैरूनं विचारलं, “पाव्हणं, आवतण कसं द्यायाचं?”

हा भिडेचा माणूस म्हणाला, “तुमच्या गावची जी रीत आसंल तसं करा, गुरव. आमी काय येगळं सांगावं?”

भैरू रीतीचा पक्का. लेकीचं लग्न गावात म्हणजे चूलबंद. त्यानं बासष्ट उंबरे झिजवले, एकही गाळला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी शिधा न्यायला आला आणि मोठ्या अभिमानानं यशोदाबाईला म्हणाला, “ताई, उद्या गावात एक चूल पेटायची न्हाई. समदं गाव तुमच्या दारी.”

यशोदाबाईनं शिध्याचं सूप तसंच ठेवून कौशल्याबाईला हाक मारली. ज्योतीराम तर दोन बैलगाड्या घेऊन तासाभरापूर्वीच चिंचवड स्टेशनाकडे निघालेला. वऱ्हाड कुर्डुवाडीहून रात्रीच्या गाडीनं उतरणार, ते सकाळी घेऊन यायचं. आणि इथं शंभर पानांवर चारशे माणसं. पहिल्या पंगतीलाच पुरण संपणार, व्याह्यांसमोर आणि ज्या गावानं आसरा दिला त्याच्यासमोर. एकुलत्या लेकीच्या लग्नातून लोक उपाशी उठणार. विमल तेवढा काळ हळदीच्या अंगानं आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होती.

कौशल्याबाई आधी हसली. खोटं कशाला सांगू, चांगली दोन मिनिटं हसली. मग विमलकडं लक्ष गेलं तशी थांबली.

“अक्षता माघारी घ्येता येत न्हाईत,” ती म्हणाली. “आलेल्याला घरी जेवा म्हणावं तर लगीन मोडल्यावाणी हुईल.”

“धान्य उसनं मिळंल का वो?” यशोदाबाईनं विचारलं.

“धान्य मिळंल गं. पर चारशे मान्सांचं पुरण उद्या दुपारपातुर वाटायचं कुणी? तू, मी आन ही हळदीची नवरी?”

ती जरा वेळ उंबऱ्यावर उभी राहिली. मग डोईवर पदर घेतला आणि चपला न घालताच बाहेर पडली. मी समोरच्या पारावर बसलो होतो. ती वरच्या आळीकडे वळली तसा मीही उठलो. वरच्या आळीत रुक्मिणीबाईच्या शब्दाशिवाय पान हलत नसे आणि अर्ध्या चुली त्या आळीत. असा योग सात वर्षांनी येतो, घरी बसून कसं चालेल? शेजारच्या गोठ्यात म्हैस बघण्याचं निमित्त काढून मी उभा राहिलो.

रुक्मिणीबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“कोन आलंय?” ती सुपाला विचारल्यासारखं म्हणाली. “घरटी एक का?”

“एकच आलीया, अक्का. बाकीचं घरी हायती.”

“मंग बस की. न्हाई तर हुबी ऱ्हा. तुझी खुशी.”

कौशल्याबाई उभी राहूनच बोलली. ज्योतीरामची भीड, भैरूची रीत, चारशे पानं, सगळं सांगितलं. “उद्या परत्येक घरानं आपली चूल पेटवायची. आपल्या मान्सांपुरतं पुरण, आमटी घरी करायची आन पाटीत घालून मांडवात आणायची. जेवायचं समद्यांनी तिथंच. वरच्या आळीला तू सांग.”

“चूलबंद आवतण आन चूल पेटवायची,” रुक्मिणीबाई म्हणाली. “तुजी खोडच हाय ती.”

“व्हय, खोडच हाय. पर तवा म्या एकटीनं पेटवली हुती. समद्यांनी पेटवली तर तिला खोड न्हाई म्हणत, रीत म्हणत्यात.”

रुक्मिणीबाईचे हात थांबले. मला वाटलं, संपलं आता. मग तिनं विचारलं, “त्या दिशी चुलीवं काय केलं हुतंस?”

“पुरण.”

“आन खाल्लं कुणी?”

“कुणीबी न्हाई. नानाला आवडतं म्हून जायफळ जास्ती घातलं हुतं. माज्या धाकल्यानं एक घास घेतला आन ताट सारलं. मंग म्हशीला घातलं.”

इतकी वर्षं मी त्या धुराची गोष्ट तिखटमीठ लावून सांगत आलो होतो. त्या धुराखाली पुरण शिजत होतं हे मला ठाऊक नव्हतं. गोठ्यातली म्हैस माझ्याकडे बघत होती. मला जरा तिची लाज वाटली.

“गप बस,” रुक्मिणीबाई म्हणाली, आणि सूप बाजूला ठेवलं. “आन त्या गोठ्यातल्याला म्हणावं, म्हस बघून झाली आसंल तर आळीत सांगत जा. तेवढं तरी काम कर.”

मी गेलो. सांगत जाणं हे काम मला येत नाही असं कुणी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीराम वऱ्हाड घेऊन पवना नदीचा काठ चढून आला, तर समोर सगळं पुनावळं धुरात. एकूण एक कौलातून धूर. हे मला पुढल्या गाडीच्या गाडीवानानं सांगितलं. ज्योतीराम खाली उतरून गाडीच्या कडेनं चालत होता, तो धूर बघून जुवाला हात लावून उभाच राहिला. आवतण चूलबंद गेल्याचं वाटेत गाडीवानाकडूनच कळलेलं, आणि चूलबंदचा अर्थ बार्शीकडेही तोच. नवऱ्या मुलाचे मामा अर्जुनराव गाडीतून म्हणाले, “काय वो सोयरे, गावानं तुमचं आवतण झुगारलं का काय?”

सात वर्षांपूर्वीची गोष्ट ज्योतीरामनं कौशल्याबाईकडूनच ऐकली होती, धूर कशासाठी काढतात ते त्याला पक्कं माहीत होतं. आपल्याच घरमालकिणीच्या कौलांवरचा धूर त्याला सगळ्यांत आधी दिसला म्हणे. परक्या गावात लेकीचं लग्न काढायची चूक आपली, एवढंच तो बैलाच्या कानाशी पुटपुटला.

गाड्या वेशीत आल्या आणि वरच्या आळीतून पाट्या निघाल्या. पुढं रुक्मिणीबाई, डोईवर फडक्यानं झाकलेली पाटी. मागं तीस बायका. खालच्या आळीतून कौशल्याबाई आणि तिच्या मागं तेवढ्याच. पुरुषांच्या हातात आमटीच्या कासंड्या. अर्जुनराव गाडीतून उतरले आणि त्यांनी पागोटं सारखं केलं. ज्योतीरामला कुणीतरी काय झालं ते सांगितलं. तो भर रस्त्यात हात जोडून उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येक पाटीला वाट देत राहिला. कौशल्याबाई जाता जाता म्हणाली, “पाव्हणं, पुढच्या येळंला रीत इचारू नका. आकडा सांगा.”

पोळ्यांचं ठीक होतं, पण बासष्ट घरच्या आमट्या वेगवेगळ्या वाढायच्या कशा? उसाच्या रसाची काहील आणली आणि सगळ्या आमट्या तिच्यात ओतल्या. कुणाची जाळ तिखट, कुणाची गुळचट, आमच्या घरची खारट. बायको तेव्हाही कबूल झाली नाही, आजही होत नाही. रुक्मिणीबाईनं आपली कासंडी ओतली, कौशल्याबाईनं तिची, आणि डावानं ढवळलं ते दोघींनी आळीपाळीनं. ती आमटी जशी लागली तशी पुन्हा कधी लागली नाही. कुणाची, ते सांगता येत नव्हतं. गावातल्या बायकांनी पुढे किती वर्षं तो वाद घातला. पंगतीत मात्र माणसं गप्प होती.

कौशल्याबाई आणि रुक्मिणीबाई शेवटच्या पंगतीला बसल्या. शेजारी नाही, मध्ये एक पान सोडून. त्या पानावर नानासाहेब बसला.

पुढच्या वैशाखात रुक्मिणीबाईच्या लेकीचं लग्न निघालं. भैरू अक्षता घेऊन पहिला कौशल्याबाईच्या उंबऱ्यावर आला आणि म्हणाला, “चूलबंद.”

“सांग अक्काला,” कौशल्याबाई म्हणाली, “मी चूल पेटवणार हाय. जायफळाचं पुरण मीच करून आणणार.”

भैरू घाबरतच निरोप घेऊन गेला. भिंत एकच, त्यामुळे पलीकडचं उत्तर त्याच्या आधी आलं.

“पेटव की. पर औंदा लाकडं वाळली घाल.”