कोलंबोचं स्वस्त तिकीट

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण डोक्यातून जात नाही ती घटना एका विमानाच्या तिकिटाची. ऐकणारा म्हणतो, "एवढंच?" हो, एवढंच.

तेव्हा मी पुण्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून अर्जांचा गठ्ठा पुढे ओढला, तोच एक गृहस्थ आत आले. सत्तरीच्या घरातले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाईल. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर लोक ब्लडप्रेशर सांभाळत बसतात, यांनी पाली भाषेत एम. ए. केलं होतं. कोलंबोच्या एका परिषदेने त्यांचा निबंध स्वीकारला होता. राहणं-जेवण परिषदेचं, विमानभाडं मात्र ज्याचं त्याचं. म्हणून हे गृहस्थ दोन महिने स्वस्त तिकीट शोधत होते. शेवटी स्वारगेटजवळच्या एका एजंटने चेन्नईमार्गे काढून दिलं. चेन्नईच्या विमानतळावर बारा तास थांबायचं होतं, म्हणून ते स्वस्त. आणि आता ते तिकीट रद्द झालेलं दाखवत होतं.

"एजंटने फसवलं, साहेब," ते म्हणाले. "विहारात माझा सत्कार झालाय. शाल दिली लोकांनी. आता कोणत्या तोंडाने सांगू, जात नाही म्हणून?"

परिषद दहा दिवसांवर आली होती.

तिकिटांच्या फसवणुकीचे असले अर्ज आमच्याकडे नवे नव्हते. खरं तिकीट काढायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, मग गुपचूप रद्द करून पैसे खिशात घालायचे. मी मनातल्या मनात निकाल लावून मोकळा झालो. अर्ज चौकशीवर घेतला, विमान कंपनीला पत्र धाडलं आणि एजंटवर नजर ठेवायला एका खबऱ्याला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, पाखरू उडतंय. शटर अर्धं खाली आहे, सामान टेम्पोत चाललंय."

गाडी काढली आणि त्याला उचलून ठाण्यात आणला. चाळिशीचा माणूस, कोपरापर्यंत हात रंगाने माखलेले.

"अहो साहेब, दुकान रंगवायला काढलंय!"

"सगळे असंच सांगतात. बस तिथे."

चौकशीची माझी एक पद्धत होती. तोच प्रश्न तासातासाने फिरवून विचारायचा. खोटं बोलणाऱ्याची गोष्ट दर वेळी थोडी सुधारते, तिला नवे तपशील चिकटतात. याची गोष्ट सकाळी होती तेवढीच दुपारी राहिली. "तिकीट मी काढलं, साहेब. रद्द मी केलं नाही. या भावातलं तिकीट रद्द केलं तर छदाम परत मिळत नाही. मग मी कशाला करीन?"

मी तिथेच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. उलट एक शिवी हासडली. त्याची बायको डबा घेऊन आली होती, तिला फाटकाबाहेरच उभं ठेवलं. आज हे लिहिताना लाज वाटते.

संध्याकाळी विमान कंपनीचं उत्तर आलं. तिकीट प्रवाशाने स्वतः रद्द केलं होतं. त्यासाठीचा ओटीपी तक्रारदाराच्याच मोबाईलवर गेला होता आणि तो टाकलाही होता. मी कागद दोनदा वाचला, एजंटला घरी जायला सांगितलं. त्याने नमस्कारही केला नाही. कशाला करील?

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यात त्या तक्रारदार काकांच्या घरी गेलो. दोन खोल्या, लख्ख आवरलेल्या. त्यांनी चहा केला. मी कंपनीचा कागद टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"रद्द आपण केलंत?"

"हो."

"का?"

त्यांनी कागदाची घडी घालून तो माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तिकीट झाल्यावर एजंटने प्रवाशाच्या माहितीचा फॉर्म पाठवला होता. नाव, पासपोर्ट, सगळं भरलं. खाली एक रकाना होता, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं. दोन दिवस तो फॉर्म तसाच पडून होता, साहेब. ही गेली, मूलबाळ नाही. एक पुतण्या आहे, पण सहा वर्षं बोलणं नाही. शाल द्यायला विहारात चाळीस माणसं होती. पण वेळीअवेळी उठवावं असं त्यातलं एक नाव सुचेना. मग वाटलं, ज्याचं काही झालं तर कळवायला कोणी नाही, त्याने त्या चेन्नईत बारा तास एकट्याने बसायचं तरी कशाला? दाबलं बटण."

"आणि आळ त्या बिचाऱ्यावर?"

"लोकांना काय सांगणार होतो? एक रकाना भरता आला नाही म्हणून?"

खोट्या तक्रारीला कायद्यात कलम आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. एरवी सोडलं नसतं. पण आदल्या दिवशी मीही काही कमी केलं नव्हतं. त्यांच्याकडून अर्ज मागे घेतल्याचा जबाब लिहून घेतला आणि म्हटलं, "चला काका. माफी मागायला जाऊ. तुम्हीही आणि मीही."

दुकानात ताज्या रंगाचा वास होता. काकांनी हात जोडले आणि रकान्याची सगळी हकिगत सांगितली. मीही चुकलं म्हणालो. वर्दीतल्या माणसाला हा शब्द जड जातो, पण म्हणालो.

एजंटने मान वर केली नाही. "माझी बायको काल दिवसभर उपाशी होती, काका," एवढंच बोलला. मग त्याने कॉम्प्युटर सुरू केला. "परिषद सोमवारीच ना?"

बंगळुरूमार्गे एक तिकीट मिळालं, थोडं महाग. फॉर्म भरता भरता तो करवादला, "अहो, मला विचारायचं ना! एकटी माणसं येतात, तेव्हा मी माझाच नंबर टाकतो. अर्ध्या पुण्याचा नातेवाईक आहे मी, कागदोपत्री."

"नातं काय लिहिणार?" काकांनी हळूच विचारलं.

"पुतण्या. खरा बोलत नाही तर खोटा तरी असू दे."

महिन्याभराने मी सहज त्या दुकानावरून जात होतो. विचारलं, काकांचं काय झालं?

"वाचला की निबंध. तिथे उतरल्यावर फोन केला, पोचलो म्हणून. परत आल्यावर केला. आता रोजच करतात. संध्याकाळी फिरून आले की फोन, घरी पोचलो. मी म्हणतो, बरं काका. मग ठेवतात."

मी तेव्हा मोठ्याने हसलो होतो.

माणूस पैशासाठी खोटं बोलतो, भीतीने बोलतो, असं आम्हाला शिकवलं होतं. आपल्याला कोणी नाही हे लपवण्यासाठीही तो बोलतो, दुसऱ्याचा बळी देऊन बोलतो, हे मला या प्रकरणात कळलं. पुढे कुठलाही तक्रारदार समोर बसला की मी आधी एक विचारायचो, घरी कोण कोण असतं? कितीतरी अर्जांचं उत्तर तिथेच मिळायचं.

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. बायको गेली. ठाण्यात होतो तेव्हा फोन ठेवायला फुरसत नसायची. आता संध्याकाळी खडकवासल्याच्या बाजूला एकटाच जातो, परत येऊन कुलूप उघडतो, दिवा लावतो. फोन हातात घेतो आणि कोणाला लावावा ते सुचत नाही.