शकीलभाई प्यायला नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही – तो ऐकतो की नाही ही एक शंका, आणि ऐकत असला तर वेगळीच पंचाईत.

वणीजवळच्या एका जिनिंगमध्ये मी मुकादम होतो. काम कमी, नकला जास्त. मालकाचं चालणं, दिवाणजीचं खोकणं – मी करून दाखवायचो आणि लोक पोट धरून हसायचे. भारी खूश होतो स्वतःवर. गाढव!

शकीलभाई आमचा फिटर. रेचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र, तुंबला की सगळे चहाला जायचे आणि तो बंद रेच्यात हात घालून गुंता ओढत बसायचा. एका दुपारी तो रेचा अचानक सुरू झाला. आधी बोटं गेली. मग मनगट. ओरडणं म्हणायचं का त्याला? घशातून काहीतरी फाटत बाहेर येत होतं. हाडं मोडत होती – दाताखाली सरकी फुटावी तशी. रेचा बंद होईपर्यंत कोपरापर्यंतचा हात चावून झाला होता. मालकानं लाल झालेली रुई वेचून काढायला लावली आणि उरलेल्या रुईच्या गाठी बांधल्या.

भरपाईचा दावा लागला. कामावर असताना, कामामुळेच इजा – हक्क सरळ होता. पण मालकाच्या वकिलानं मला कायद्यातली फट दाखवली. कामगार नशेत असेल आणि त्यापायी हात गेला असेल, तर भरपाई नाही.

"मेला असता तं नशेतही भेटली असती," वकील म्हणाला. "पण हा मेला कुठं, मुकादम?"

मी साक्ष दिली. दिली कसली – करून दाखवली! शकीलभाईचं झोकांड्या खात येणं, रेच्याला सलाम ठोकणं... ज्यानं जन्मात दारूला हात लावला नाही, त्याची नक्कल. लोक हसले. तो समोरच बसला होता, रिकाम्या बाहीला गाठ मारून.

दावा बुडाला. दारुडा म्हणून त्याच्या थोरल्या भावानं त्याला भर चौकात चपलेनं बदडलं. एका हातानं माणूस तोंड तरी किती झाकणार?

सुजल्या तोंडानंच तो माझ्या घरी आला. वाटलं, आता गचांडी धरतो.

"मालकानं दबाव टाकला असन, पांडूभाऊ. तुले लेकरं हायेत, मी समजून राह्यलो. पर एक सांग – रेचा चालू कोनं केला?"

"मले काय मालूम?"

मालूम होतं. दबाव-बिबाव काही नव्हता, वकिलाकडे मी आपणहून गेलो होतो. चौकशी वाढली असती तर माझ्यापर्यंत आली असती ना! त्या दुपारी मला एक गंमत सुचली होती – खांबाआडच्या बोर्डावरून रेच्याला नुसता एक झटका द्यायचा आणि शकीलभाई कसा उडतो ते पाहायचं. त्याचा हात आत आहे की बाहेर? पाहिलंच नाही मी. हसू दाबत बटण दाबलं.

एवढंच असतं तर मूर्खपणा म्हटलं असतं. पण पहिली किंकाळी आली तेव्हा फक्त बोटं गेली होती. माझं बोट अजून बटणापाशीच होतं. पुन्हा दाबलं असतं, तर रेचा थांबला असता, निदान मनगट राहिलं असतं. पण बोर्डापाशी मला कुणी पाहिलं तर? – मी पळालो. मागच्या दारानं बाहेर पडलो, वळसा घातला, आणि चहावरून धावत येणाऱ्यांबरोबर पुढच्या दारानं आत शिरलो. "काय झालं, काय झालं" – सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडत होतो.